नाव बदलले, काम तेच : अर्दली, 'सहायक' आणि जवानाचे लांबलेले घर

१/
पुणे, खडकी, देवळाली, नगर, कामठी. या छावण्यांच्या रस्त्यांवरून सकाळी जाणाऱ्याला एक दृश्य नवे नसते. केस बारीक कापलेला, ताठ चालीचा एक तरुण साहेबांच्या मुलाचे दप्तर खांद्याला लावून त्याला शाळेच्या बसपर्यंत पोचवत असतो. तो घरगडी नव्हे. तो सेनेत भरती झालेला, बंदूक चालवायला शिकलेला, शपथ घेतलेला जवान आहे. कागदोपत्री त्याला 'सहायक' म्हणतात. त्याचा स्वतःचा मुलगा त्या वेळी अनेकदा दूर गावी आजोबांचे बोट धरून शाळेत निघालेला असतो, कारण छावणीत जवानाच्या कुटुंबाला क्वार्टर मिळण्याची पाळी अजून आलेली नसते.

२/
जवानाकडून कोणाच्या घरात काम करून घ्यायचे आणि जवानाला स्वतःचे घर केव्हा द्यायचे, हे सरकारी दप्तरात दोन वेगळे विषय आहेत. एक मनुष्यबळाचा, दुसरा बांधकामाचा. दोहोंच्या फाइली वेगळ्या, टिपणे वेगळी, उत्तरे देणारे वेगळे. वस्तुतः प्रश्न एकच आहे : संरक्षण मंत्रालय जवानाकडे सैनिक म्हणून पाहते की हाताशी असलेला माणूस म्हणून? भारतीय संसदेने हा प्रश्न विचारला, आणि चांगल्या शब्दांत विचारला. मंत्रालयाने नकार दिला. त्यानंतर संसद गप्प बसली. या गप्प बसण्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे, कारण जवानाच्या बाबतीत गप्प बसण्याची मुभा संसदेला नाही. का नाही, ते पुढे येईल.

३/
प्रथम शब्द. 'अर्दली' हा मराठीत मुरलेला शब्द इंग्रजी 'ऑर्डर्ली'वरून आला. ब्रिटिश फौजेत याच कामाला 'बॅटमन' असा दुसरा शब्द होता. त्यातला 'बॅट' म्हणजे फ्रेंच भाषेतले ओझ्याच्या जनावराचे खोगीर. अधिकाऱ्याचे सामान वाहणाऱ्या घोड्या-खेचरांची निगा राखणारा तो बॅटमन. पुढे घोडे गेले, सामान मोटारीत गेले, माणूस मात्र राहिला. बूट चमकवणे, गणवेशाला इस्त्री, चहा, अंघोळीचे पाणी, मग बाजारहाट, मग मुले, मग कुत्रा. कोणत्याही काळातल्या कोणत्याही हुकुमात शेवटच्या तीन गोष्टी लिहिलेल्या नव्हत्या. त्या लिहाव्या लागतच नाहीत.

४/
आता घर. कंपनी सरकारच्या काळात छावणीचा नकाशा पाहिला की राज्यकर्त्यांचे मन वाचता येते. गोऱ्या सोजिरांसाठी सरकारी खर्चाने बांधलेल्या बराकी. अधिकाऱ्यांसाठी प्रशस्त आवाराचे बंगले, आणि त्या आवाराच्या मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्यांची रांग. हिंदी शिपायांसाठी 'लाइनी'. या लाइनींतल्या झोपड्या सरकार बांधत नसे. शिपायाच्या हातावर झोपडी बांधण्यासाठी थोडे पैसे ठेवले जात आणि उरलेले त्याने पाहावे, अशी रीत होती. मातीच्या भिंती, गवताचे छप्पर. पलटण हलली की पुन्हा नव्या जागी तेच. मुंबई आणि मद्रास फौजेत शिपायांची कुटुंबे लाइनींत राहत. बंगाल फौजेत ती सहसा गावीच ठेवली जात.

५/
या व्यवस्थेची पहिली मोठी तपासणी लंडनहून झाली. १८५९मध्ये हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी रॉयल कमिशन नेमले गेले आणि १८६३मध्ये त्याचा अहवाल पार्लमेंटपुढे आला. छावणीछावणीला प्रश्नावली पाठवून माहिती मागवली होती. त्या उत्तरांचे विश्लेषण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी केले. त्या स्वतः हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, हे विशेष. गोऱ्या सोजिरांचा मृत्युदर हजारी ६९ निघाला. लंडनमध्ये खळबळ उडाली. हे मृत्यू लढाईतले नव्हते. पाणी, गटारे, दाटी आणि दारू यांचे होते. पुढच्या दोन दशकांत गोऱ्या फौजेसाठी उंच, हवेशीर, दुमजली बराकी उभ्या राहिल्या. आजही अनेक छावण्यांत त्या दिसतात.

६/
हिंदी शिपायाचे काय? नाइटिंगेल यांनी त्याच्याविषयीही लिहिले. त्याच्यासाठी बराक नाही, त्याची झोपडी त्याने स्वतःच बांधायची, पाणी-सांडपाण्याची सोय जेमतेम, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. पण कमिशनचा रोख सोजिरावर होता, कारण प्रत्येक सोजीर इंग्लंडहून आणायला पैसे पडत. शिपाई इथेच मिळत होता. चौकशी कितीही प्रामाणिक असली तरी ती कोणासाठी चालली आहे यावर तिचे फळ ठरते. हे सूत्र लक्षात ठेवावे. दीडशे वर्षांनंतर तेच पुन्हा भेटणार आहे.

७/
त्या काळाचा आणखी एक वारसा. गोऱ्या पलटणींतही प्रत्येक सोजिराला लग्न करून बायको जवळ ठेवण्याची मुभा नव्हती. ठरावीक संख्येलाच पलटणीच्या हिशेबात 'विवाहित' मानून जागा दिली जाई. बाकीच्यांची लग्ने झाली तरी सरकारच्या लेखी ती नव्हतीच. विवाह ही सैनिकाच्या बाबतीत टक्केवारीने मंजूर करण्याची गोष्ट आहे, ही कल्पना तिथली. स्वतंत्र भारताच्या नियमांत ही कल्पना गेली नाही. अधिकाऱ्यासाठी कुटुंबासह घर सर्वांना लागणार असे धरून हिशेब होतो. साध्या जवानाच्या बाबतीत तो एका ठरावीक प्रमाणापुरताच होतो. जणू उरलेले जवान ब्रह्मचारी असावेत.

८/
१९४७ आले, १९५० आले. अर्दली नाव गुलामीचे वाटू लागले आणि त्याच्या जागी 'सहायक' हे सोज्वळ, संस्कृतोद्भव नाव रुजले. अलीकडे तेही टोचू लागल्यावर 'बडी', म्हणजे जोडीदार, असा शब्द वापरात आला आहे. अर्दली, सहायक, जोडीदार. तीन शब्द, आणि प्रत्येक पुढचा मागच्यापेक्षा प्रेमळ. शब्दांची प्रगती एवढी झाली, की तिच्याकडे पाहून काम सुधारले असावे असा समज सहज व्हावा.

९/
१९५०मध्येच दुसरी एक गोष्ट घडली आणि या विषयाचा कणा तीच आहे. राज्यघटनेच्या कलम ३३ने संसदेला अधिकार दिला की सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क कायद्याने मर्यादित करावेत. सेना अधिनियम, १९५०च्या कलम २१ने आणि पुढे १९५४च्या नियमांनी हे प्रत्यक्षात आणले. जवानाला संघटना करता येत नाही. निदर्शनात सामील होता येत नाही. परवानगीविना वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. शिस्तीसाठी यातले बरेच आवश्यक आहे, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. गिरणी कामगाराला युनियन होती, पोस्टमनला आहे, रेल्वेच्या खलाशाला आहे. जवानाला नाही.

१०/
मग त्याने गाऱ्हाणे कुठे सांगावे? त्याच अधिनियमाच्या कलम २६मध्ये वाट आहे : ज्याच्या हाताखाली तो काम करतो त्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. तक्रार त्या अधिकाऱ्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे. वरच्याकडेही सहायक असतो, हा तपशील कायद्यात नाही.

आज्ञाभंगाचे कलम ४१. कायदेशीर आज्ञा मोडली, तर प्रत्यक्ष सेवेवर नसतानाही पाच वर्षांपर्यंत कैद. आता 'भांडी घास' ही कायदेशीर आज्ञा नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो बरोबरही आहे. पण तो विशीतल्या शिपायाने कर्नलच्या स्वयंपाकघरात उभे राहून करायचा आहे.

११/
अर्थ सरळ आहे. संसदेने कायदा करून जवानाचा आवाज काढून घेतला. ज्याने आवाज काढून घेतला त्याच्यावरच त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी येते. खासदारांची ही मेहेरबानी नव्हे. घटनेने केलेल्या सौद्याचा तो दुसरा भाग आहे. शिक्षण खात्याच्या शिक्षकांविषयी संसद गप्प बसली तर शिक्षक रस्त्यावर येऊ शकतात. संरक्षण खात्याच्या जवानांविषयी संसद गप्प बसली तर ती शांतता संपूर्ण असते.

१२/
हे काम करण्यासाठी संसदेकडे १९९३पासून एक चांगले साधन आहे : खातेनिहाय स्थायी समित्या. संरक्षणाच्या समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अनुदानाच्या मागण्या ती तपासते, सचिवांना आणि वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारते, एखादा विषय निवडून त्यावर अहवाल देते. सभागृहात अनेकदा खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात. मग हजारो कोटींच्या खर्चाकडे कोणी बारकाईने पाहिले असेल तर ते या समितीच्या खोलीत. तिथे पक्षाचा व्हिप नसतो, कॅमेरा नसतो, त्यामुळे खासदार तिथे बरेच शहाणे असतात.

१३/
चौदाव्या लोकसभेत या समितीचे अध्यक्ष होते बाळासाहेब विखे पाटील. नगर जिल्ह्यातले, सहकारातले, साखर कारखान्यांच्या राजकारणात मुरलेले नेते. मराठी वाचकांना ते प्रवरेसाठी ठाऊक आहेत. संरक्षणाच्या समितीतल्या कामासाठी त्यांची आठवण फारशी निघत नाही, हे खरे तर चमत्कारिक आहे. त्यांचा जिल्हा म्हणजे रणगाडा दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र असलेला जिल्हा. जवान कोणत्या घरातून येतो आणि पेन्शन घेऊन कोणत्या घरात परततो, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते.

१४/
त्या वर्षांत सेनेत जवानांच्या आत्महत्यांचा आणि जवानाने सहकाऱ्यावर वा अधिकाऱ्यावर गोळी झाडण्याच्या घटनांचा विषय ऐरणीवर आला होता. आत्महत्यांचा वार्षिक आकडा शंभराच्या घरात होता. समितीने सैन्यदलांतील मानसिक ताण हा विषय घेतला आणि २००८मध्ये आपला ३१वा अहवाल सादर केला. रजा, पगार, गावाकडची जमिनीची भांडणे, कुटुंबापासूनचा दुरावा, हे सारे त्यात आहे. आणि त्यात सहायक पद्धतीवर थेट बोट आहे. जवानाची भरती देशाच्या रक्षणासाठी होते, अधिकाऱ्याच्या कुटुंबाची चाकरी करण्यासाठी नव्हे. ही प्रथा त्याचा स्वाभिमान खच्ची करते. नौदल आणि हवाई दल तिच्यावाचून चालते, तर भूदलाचे का चालू नये? ती बंद करावी, आणि जवानांना घरकामाला लावणाऱ्या अधिकाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी. आशय असा.

१५/
सरकारी अहवालांच्या मऊ, गोलमाल भाषेची सवय असलेल्याला हा अहवाल वाचताना थबकायला होते. त्यात 'पुनर्विचार व्हावा', 'शक्यता पडताळावी' अशी पळवाट नव्हती. सर्वपक्षीय समितीने एकमुखाने एका प्रथेला लाजिरवाणी म्हटले होते. शिवाय तिने ती प्रथा जवानाच्या मानसिक ताणाच्या कारणांत बसवली होती, हे अधिक महत्त्वाचे. म्हणजे प्रश्न शिष्टाचाराचा उरला नव्हता. तो जिवाचा झाला होता.

१६/
आणि मग?

नियमानुसार अशा अहवालावर मंत्रालयाने तीन महिन्यांत आपण काय केले ते कळवायचे असते. मंत्रालयाचे म्हणणे तेव्हाही आणि त्यानंतरही साधारण एकच राहिले : सहायक हा लढणारा सैनिकच आहे, मोहिमेवर तो अधिकाऱ्याचा आधार असतो, त्याला हलक्या कामाला लावू नये असे आदेश आहेत, सबब प्रथा चालू राहील. या उत्तरावर संसद काय करू शकते? लोकसभेच्या नियमांत लिहिलेच आहे की स्थायी समितीच्या अहवालाचे मूल्य सल्ल्याचे आहे. समिती 'उत्तर समाधानकारक नाही' असे लिहू शकते. मंत्र्याला सभागृहात अंमलबजावणीचे निवेदन करावे लागते. तेथे वाट संपते. २००९मध्ये चौदावी लोकसभा संपली आणि तिच्याबरोबर ती समितीही.

१७/
मंत्रालयाच्या बाजूत तथ्य नाही असे नाही, आणि ते झाकून वाद जिंकण्यात अर्थ नाही. सियाचीनच्या चौकीत, काश्मीरच्या शोधमोहिमेत तरुण कॅप्टनच्या एका हातात नकाशा आणि दुसऱ्या हातात रेडिओ असतो. त्याच्या पाठीशी नजर ठेवणारा, त्याच्याबरोबर एकाच डब्यातून खाणारा एक माणूस असतो. ते नाते खरे आहे. त्या नात्यात माणसांनी एकमेकांसाठी प्राण दिले आहेत. त्या नात्याला कोणी हात लावायला सांगत नाही.

पण पुण्याच्या बंगल्यात नकाशा कोणी धरायचा आहे? कोणत्या शत्रूवर नजर ठेवायची आहे? युद्धभूमीवरच्या जोडीदाराच्या पुण्याईवर शांतताक्षेत्रातल्या घरगड्याची तरतूद खपवली जाते, हा यातला सारा कावा आहे. दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव दिले की पहिलीचा मान दुसरीला मिळतो.

१८/
दुसरा बचाव : जवान हे काम स्वखुशीने मागतात. असेलही. सहायकाला पहाटेची परेड चुकते, रात्रीचा पहारा चुकतो, साहेबांची मर्जी राहिली तर रजा लवकर मिळते. रजा हा जवानाचा हक्क ज्या पलटणीत मर्जीवर अवलंबून असेल, तिथे माणूस भांडी घासायला स्वखुशीने तयार होतो यात नवल ते काय. ही स्वखुशी पद्धतीचे समर्थन करीत नाही. ती पद्धत किती खोल गेली आहे ते दाखवते.

तिसरा बचाव : 'आदेश आहेत'. एकच आदेश पुनःपुन्हा काढावा लागतो तेव्हा तो पाळला जात नाही एवढेच सिद्ध होते.

१९/
३० डिसेंबर २०१६ रोजी बाळासाहेब विखे पाटील वारले. त्यानंतरच्या पंधरवड्यातच, जानेवारी २०१७मध्ये, जवानांनी मोबाइलवर स्वतःच्या चित्रफिती काढून समाजमाध्यमांवर टाकायला सुरुवात केली. कोणी जेवणाबद्दल बोलले, कोणी सहायक म्हणून कराव्या लागणाऱ्या कामांबद्दल. ज्या माणसांचा आवाज कलम ३३खाली काढून घेतला होता, त्यांना एक खिडकी सापडली होती. सेनाप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली आणि १५ जानेवारीच्या सेनादिनी समाजमाध्यमांवर तक्रारी मांडणाऱ्यांना शिक्षा होऊ शकते असाही इशारा दिला. शिस्तीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. पण ज्या संसदीय समितीने हेच आठ वर्षांपूर्वी रीतसर, शिस्तीत, छापील अहवालात सांगितले होते, तिचे ऐकले असते तर चित्रफितींची वेळ आली नसती, हे त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

२०/
मग देवळाली. फेब्रुवारी २०१७मध्ये एका वृत्तसंकेतस्थळाने सहायकांच्या कामाविषयी छुपी चित्रफीत प्रसिद्ध केली. त्यानंतर मार्चच्या सुरुवातीला देवळाली छावणीतील एका जवानाचा मृतदेह छावणीतल्याच एका ओसाड बराकीत आढळला. तो त्या चित्रफितीत बोलला होता. गुन्हा दाखल झाला तो चित्रफीत करणाऱ्या महिला पत्रकारावर आणि एका माजी सैनिकावर, शासकीय गुपिते कायद्याखाली. साहेबांच्या कुत्र्याला फिरवणे हे राष्ट्राचे गुपित आहे काय, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर तो वावगा नव्हता. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. चित्रफीत काढणाऱ्यांच्या पद्धतीवर टीका करायला जागा आहे. जवानाचा चेहरा आणि आवाज झाकणे ही त्यांची पहिली जबाबदारी होती. पण त्या प्रकरणात राज्ययंत्रणेला पहिली आठवण गुपिताची झाली, प्रथेची नाही.

२१/
त्याच मार्चमध्ये संसदेत प्रश्न आला. उत्तर देण्याची पाळी धुळ्याचे खासदार आणि तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांच्यावर होती. लेखी उत्तराचा आशय ओळखीचा होता : अधिकारी व सुभेदार-नायब सुभेदार यांना सहायक दिला जातो, त्याची कामे ठरलेली आहेत, सैनिकाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी कामे त्याला देऊ नयेत अशा सूचना आहेत. २००८चा अहवाल, २०१७चे मृत्यू, आणि दोहोंना एकच उत्तर. मंत्री बदलले, पक्ष बदलला, सरकार बदलले, मसुदा तोच. यावरून एवढे दिसते की उत्तरे मंत्री लिहीत नाहीत.

२२/
आता या कथेचा दुसरा धागा, ज्याच्याकडे चित्रफितींच्या गोंगाटात कोणाचे लक्ष गेले नाही : घर.

२००२मध्ये केंद्र सरकारने तिन्ही दलांतील विवाहित सैनिकांसाठी घरे बांधण्याचा भव्य प्रकल्प हाती घेतला. स्वतंत्र महासंचालनालय उघडले. लक्ष्य होते १,९८,८८१ घरांचे, आणि मुदत चार वर्षांची. टप्पे पुढे असे पडले : पहिला ५७,८७५ घरांचा, दुसरा ६९,९०४चा, तिसरा ७१,१०२चा. बेरीज बरोबर जुळते. बेरजेपलीकडे फारसे काही जुळले नाही. चार वर्षांनी, २००६मध्ये, पहिला टप्पाही पुरा नव्हता. वीस वर्षांनी, २०२२मध्ये, तिसरा टप्पा बाकीच होता. दरम्यान ज्या जवानाने २००२मध्ये पलटणीत पाऊल ठेवले, तो आपली नोकरी संपवून पेन्शनवर गेला. त्याच्यासाठी हा प्रकल्प आयुष्यभर कागदावरच होता.

२३/
विलंबाची कारणे दरवेळी सयुक्तिक असतात. ठेकेदाराने काम सोडले, परवानगी अडली, खर्च वाढला, निधी उशिरा आला. महालेखापरीक्षकांनी आणि स्थायी समितीने अनेकदा ताशेरे ओढले. एक कारण मात्र कोणी पुढे करू नये : जागेची टंचाई. संरक्षण खाते देशातील सर्वांत मोठ्या सरकारी जमीनमालकांपैकी एक आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१०-११च्या अहवालात सेनेच्या ९७ गोल्फ मैदानांचा उल्लेख आहे. त्यांनी व्यापलेली जमीन सुमारे ८,००० एकर. गोल्फ खेळण्यात पाप नाही. पण जवानाच्या घराला वीस वर्षे लागतात तिथे हे हिरवे गालिचे डोळ्यांत खुपतात.

२४/
इथे दोन्ही धागे एकत्र येतात. स्थायी समितीने ताणाच्या अहवालात कुटुंबापासूनचा दुरावा हे मोठे कारण म्हणून नोंदवले होते आणि सहायक पद्धतीवरही ताशेरे ओढले होते. या दोन निष्कर्षांना जोडणारे वाक्य मात्र कोणत्याही मंत्र्याला विचारले गेलेले नाही : जो जवान दुसऱ्याच्या घरात राबतो, त्याच्या स्वतःच्या घराची पाळी प्रतीक्षायादीत कितवी? हे विचारायला वेगळी समिती लागत नाही, वेगळा कायदा लागत नाही. एका खासदाराचा एक लेखी प्रश्न पुरतो.

२५/
तो विचारला जात नाही, याचे एक कारण १८६३चेच आहे. समितीपुढे साक्षीला येतात ते सचिव आणि सेनानी. जवान साक्षीदार म्हणून त्या खोलीत सहसा येत नाही, आणि आला तरी ज्यांच्या हाताखाली त्याला उद्या परत जायचे आहे त्यांच्या देखत तो काय बोलणार? दुसरे कारण अधिक अवघड आहे. प्रश्न विचारणारे खासदार स्वतः दिल्लीत ज्या बंगल्यांत राहतात, त्यांच्या मागेही नोकरांच्या खोल्यांची रांग आहे. छावणीचा नकाशा आणि ल्युटेन्स दिल्लीचा नकाशा एकाच मनाने काढले होते.

२६/
बदल अशक्य आहे, असे मात्र कोणी सांगू नये. रेल्वेत अधिकाऱ्यांच्या घरी 'बंगला प्यून' नेमण्याची इंग्रजी अमदानीतली पद्धत होती. तिलाही पुढे लांबलचक नवे नाव दिले होते आणि तीही अत्यावश्यक असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले. ऑगस्ट २०२०मध्ये रेल्वे बोर्डाने एका पत्राने नव्या नेमणुका थांबवल्या. गाड्या धावत आहेत. नौदलाची जहाजे आणि हवाई दलाची विमाने तर कधीच सहायकावाचून चालत आली आहेत.

२७/
संरक्षणाच्या स्थायी समितीपुढे दरवर्षी अनुदानाच्या मागण्या येतात आणि दरवर्षी सचिव समोर बसतात. त्यांना तीन आकडे मागता येतील. शांतताक्षेत्रात आज नेमके किती जवान सहायक म्हणून नेमलेले आहेत? २००८च्या अहवालानंतर जवानाला घरकामाला लावल्याबद्दल किती अधिकाऱ्यांवर कारवाई झाली? आणि त्या सहायकांपैकी कितीजणांची बायकामुले त्याच छावणीत सरकारी क्वार्टरमध्ये राहतात? यांतला एकही आकडा राष्ट्रीय सुरक्षेच्या आड येत नाही.